पितळ उघडे पडते तेव्हा : पाणबुड्याचे घड्याळ आणि एका धातूची गोष्ट

१/२३
समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी म्हणून विकले जाणारे, पितळी कवचाचे आणि तुलनेने स्वस्त मनगटी घड्याळ ही गेल्या दहा-पंधरा वर्षांत घड्याळशौकिनांची लाडकी वस्तू झाली आहे. जाहिरातीत त्याच्याशेजारी पाणबुड्याचे जुने शिरस्त्राण, जहाजाचे सुकाणू, होकायंत्र अशी चित्रे मांडलेली असतात. हे घड्याळ एका जुन्या सागरी परंपरेचे वारसदार आहे, असे त्यातून सुचवले जाते. अशी परंपरा खरोखर होती का? नसेल, तर या घड्याळाचे मोल कशावरून ठरवावे? त्याचा हा ऐतिहासिक मागोवा.

२/२३
आरंभ घड्याळापासून नव्हे, रक्तापासून करावा लागतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. या दाबाखाली श्वास घेणाऱ्याच्या रक्तात आणि ऊतींत हवेतील नायट्रोजन विरघळत जातो. माणूस घाईने वर आला की सोड्याची बाटली उघडावी तसे त्या वायूचे बुडबुडे शरीरातच तयार होतात. सांधे आखडतात, अर्धांगवायू होतो, मृत्यूही ओढवतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया दाबाखालील हवेच्या पेट्यांत उतरून घालताना अनेक मजूर या विकाराला बळी पडले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये अंथरुणाला खिळला.

३/२३
विकाराचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेअर याने १८७८ मध्ये दाखवून दिले. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी तक्ते प्रसिद्ध केले: इतक्या खोलीवर इतकी मिनिटे घालवली, तर वर येताना कोठे आणि किती वेळ थांबावे. त्या दिवसापासून पाणबुड्याचे प्राण दोन आकड्यांवर अवलंबून राहू लागले. एक खोलीचा, दुसरा वेळेचा. पाण्याखालच्या घड्याळाचे सारे महत्त्व या दुसऱ्या आकड्यात आहे.

४/२३
मग तांब्या-पितळेचे ते मोठे शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या वेळ कशावर पाहत असे? उत्तर साधे आहे: ती त्याची जबाबदारीच नव्हती. १८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीबे याने जो बंदिस्त पोशाख रूढ केला, त्यात हवा वरच्या पंपातून नळीने खाली येई. पाणबुड्या दोराने आणि नळीने जहाजाशी बांधलेला असे. तो किती वेळ खाली आहे आणि त्याला केव्हा वर ओढायचे, याचा हिशेब डेकवर उभे असलेले लोक कोरड्या घड्याळावर ठेवीत.

५/२३
या शिरस्त्राणाविषयी आणखी एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. १९१६ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने स्वीकारलेले ‘मार्क ५’ शिरस्त्राण तांब्याच्या घुमटाचे आणि पितळी जोडणीचे होते. परंतु त्यावर कथलाचा थर दिलेला असे. मराठी घराला हा प्रकार नवा नाही. त्यालाच कल्हई म्हणतात. आज दिवाणखान्यांत आणि हॉटेलांत लखलखणारी तांबूस-पिवळी शिरस्त्राणे बहुधा कल्हई उतरवून घासलेली किंवा शोभेसाठीच घडवलेली असतात. कामावरचे शिरस्त्राण रुपेरी-करडे दिसे. ज्या झळाळीला आज परंपरा म्हटले जाते, तिच्यातील बरीचशी झळाळी नंतरची आहे.

६/२३
घड्याळ पाण्यापासून वाचवण्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत होता. घड्याळाचे खरे दुखणे म्हणजे चावी, कारण ती बाहेरून आत जाते आणि जिथे ती शिरते तिथे भोक असते. स्क्रूसारखी आवळून बंद होणाऱ्या चावीचा उपयोग करून रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ बाजारात आणले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू ते गळ्यात घालून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे तो प्रयत्न अर्धवट सोडावा लागला, पण तासन्‌तास पाण्यात राहूनही घड्याळ चालू होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये कंपनीने ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची पानभर जाहिरात दिली.

७/२३
पाण्याखाली वेळ पाहण्याची लष्करी निकड मात्र इटलीत निर्माण झाली. फ्लॉरेन्सच्या पानेराई या पेढीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटालियन नौदलाच्या जलयोद्ध्यांसाठी मोठ्या तबकडीची, रेडियमयुक्त रंगाने अंधारात चमकणारी घड्याळे पुरवली. आरंभीची पोलादी कवचे रोलेक्सनेच बनवलेली होती. डिसेंबर १९४१ मध्ये याच दलाच्या लोकांनी मानवचलित टॉर्पेडोंवर बसून अलेक्झांड्रिया बंदरात शिरकाव केला आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. या माणसांना जहाजाशी बांधणारी नळी नव्हती. त्यामुळे वेळेचा हिशेब प्रथमच पाणबुड्याच्या मनगटावर आला.

८/२३
१९४३ मध्ये जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा झडपेचा संच तयार केला. ‘ॲक्वालंग’ या नावाने तो जगभर गेला. पाठीवर हवेची टाकी, पायांत वल्ह्यासारखे पंख आणि वर कोणीही नाही, अशा स्थितीत माणूस पाण्यात मोकळा झाला. या स्वातंत्र्याची किंमत अशी की आता हिशेब चुकला तर दोर ओढणारा कोणी नव्हता. शिरस्त्राण गेले, तेव्हाच घड्याळ अपरिहार्य झाले. हा क्रम नीट लक्षात ठेवावा, कारण पितळी घड्याळाच्या जाहिरातीत नेमका तोच पुसला जातो.

९/२३
१९५० च्या दशकाच्या आरंभी फ्रेंच नौदलाच्या जलयोद्ध्यांचे अधिकारी बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो यांनी आपल्या गरजांची यादी स्विस पेढ्यांपुढे मांडली. ब्लाँपां या पेढीचे प्रमुख जाँ-जाक फिश्तेर स्वतः बुडी मारणारे होते. त्यांनी ‘फिफ्टी फॅदम्स’ १९५३ मध्ये सिद्ध केले. काळी तबकडी, ठळक चमकणारे काटे आणि तबकडीभोवती मिनिटांच्या खुणा असलेले फिरते कडे, म्हणजे बेझल. रोलेक्सचे ‘सबमरीनर’ही त्याच सुमाराचे. पाणबुड्याच्या घड्याळाचा चेहरामोहरा या दोघांनी कायमचा ठरवून टाकला.

१०/२३
या कड्याचे काम साधे आणि गंभीर आहे. उतरताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे किती मिनिटे गेली हे बेरीज-वजाबाकी न करता वाचता येते. थंडी, अंधार आणि दाब यांत मन मंदावते, म्हणून ही सोय. पुढे हे कडे एकाच दिशेने फिरावे असा प्रघात पडला. धक्का लागून ते सरकलेच, तर गेलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, आणि पाणबुड्या उशिरा नव्हे तर लवकर वर येतो. चूक झाली तरी ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, असा हा विचार आहे.

११/२३
या साऱ्या घडामोडींत पितळ कोठे होते? कवच म्हणून ते जवळजवळ कोठेच नव्हते. कामाची डाइव्ह घड्याळे गंज न धरणाऱ्या पोलादाची होती. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. जस्ताचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या वर गेले की खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निवडकपणे विरघळू लागते आणि मागे तांब्याची सच्छिद्र, ठिसूळ जाळी उरते. बाहेरून आकार तोच दिसतो, आतले बळ गेलेले असते. जिथे भिंतीची जाडी आणि आट्यांची पकड यांवर पाणी अडवायचे आहे, तिथे हा दोष क्षुल्लक नाही.

१२/२३
नौकाबांधणीला हे ठाऊक होते आणि त्यावर उपायही शोधले गेले होते. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज फ्रेडरिक मंट्झ याने १८३२ मध्ये सुमारे ६० भाग तांबे आणि ४० भाग जस्त असलेल्या पितळेचे पेटंट घेतले. जहाजांच्या तळाला मढवण्यासाठी ते तांब्यापेक्षा स्वस्त पडे. नंतर असे आढळले की पितळेत १ टक्क्याच्या आसपास कथील घातले तर ते समुद्रात अधिक टिकते. ‘नौदली पितळ’ म्हणतात ते हेच. अत्यल्प आर्सेनिकही काही मिश्रणांत जस्ताची गळती रोखते. म्हणजे सगळे पितळ सारखे नसते. ‘पितळी’ एवढेच सांगणारा विक्रेता अर्धीच माहिती देत असतो.

१३/२३
येथे पितळ आणि कांसे यांचीही गल्लत टाळायला हवी. कांसे म्हणजे तांबे आणि कथील. जस्त जवळजवळ नसल्याने समुद्रात ते पितळेपेक्षा पुष्कळ खंबीर ठरते. ॲल्युमिनियम मिसळलेले कांसे तर जहाजांच्या पंख्यांसाठी वापरतात. मराठी स्वयंपाकघराने हा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला: कांशाची वाटी, पितळेचे पातेले, तांब्याचा हंडा. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक-आमटी ठेवली की ती कळकते, हे रसायनशास्त्र न शिकलेल्या आजीलाही माहीत असे. मनगटावरचा खारट घाम धातूवर तेच करतो. त्वचेवर उमटणारा हिरवा डाग ही त्याचीच खूण.

१४/२३
पितळ घड्याळांत होते, पण झाकलेले. विसाव्या शतकातील असंख्य स्वस्त घड्याळांचे कवच पितळेचे आणि त्यावर क्रोमचा पातळ मुलामा असे. मागच्या झाकणावर मात्र ते ‘स्टेनलेस स्टील’चे असल्याचे अभिमानाने कोरलेले असे, कारण घामाशी थेट गाठ त्याचीच. काही वर्षांत पट्ट्याजवळच्या कोपऱ्यांवरून मुलामा झिजे आणि खालचा पिवळा धातू डोकावू लागे. मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार सोन्या-चांदीच्या मुलाम्यामुळे रूढ झाला. या घड्याळांनी तो मनगटावर खरा करून दाखवला.

१५/२३
या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा सोव्हिएत रशियात सापडतो. १९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोजवळ येताच तेथील घड्याळ कारखान्याचा काही भाग कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावी हलवण्यात आला. पुढे हाच कारखाना ‘वोस्तोक’ नावाने प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्याने सैनिकांसाठी ‘कमांदिर्स्किये’ आणि १९६७ मध्ये पाणबुड्यांसाठी ‘अम्फीबिया’ तयार केले. दुसऱ्याची रचना मिखाईल नोविकोव्ह आणि वेरा बेलोवा यांची. स्वस्त पण खऱ्या डाइव्ह घड्याळाचा विचार करताना आजही याच घड्याळाचे नाव सर्वप्रथम निघते.

१६/२३
‘अम्फीबिया’ची खुबी महागड्या सामग्रीत नाही. पाश्चात्त्य पेढ्या कवच कमालीच्या काटेकोर मापात घडवून पाणी अडवीत. चिस्तोपोलमध्ये तसे करणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी प्रश्नच उलटा केला. जाड ॲक्रिलिकची काच दाबाखाली किंचित दबते आणि आपल्या बैठकीवर अधिक घट्ट बसते. मागचे सपाट झाकण रुंद रबरी कड्यावर आतल्या बाजूला ढकलले जाते. झाकण स्वतः न फिरता वेगळ्या आटेदार कड्याने आवळले जाते, त्यामुळे रबर पिळवटत नाही. समुद्र जितका अधिक दाबतो, तितके घड्याळ अधिक बंद होते. मर्यादा २०० मीटर.

१७/२३
आता एकाच छपराखालची ही दोन घड्याळे शेजारी ठेवून पाहावीत. जमिनीवरच्या सैनिकाचे ‘कमांदिर्स्किये’ प्रामुख्याने क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचे. पाणबुड्याचे ‘अम्फीबिया’ पोलादाचे. जो कारखाना एकेका कोपेकचा हिशेब करीत होता, त्यानेही खाऱ्या पाण्यासाठी कवच पोलादीच केले. पितळ ठेवले ते फिरत्या कड्यासारख्या भागात, जिथे गंजले तरी पाणी आत शिरत नाही. स्वस्ताई कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा इतका स्पष्ट धडा क्वचितच मिळतो.

१८/२३
तर मग उघड्या तांबूस-पिवळ्या धातूची घड्याळे आली कोठून? त्यांचा उगम समुद्रात नाही. घड्याळ-रचनाकार जेराल्ड जेंटा याने १९८० च्या दशकात कांशाचे ‘गेफिका’ केले ते शिकारीच्या हौशी मंडळींसाठी. चमक कमी असावी ही त्यामागची कल्पना. २०११ मध्ये पानेराईने कांशाचे डाइव्ह घड्याळ १००० नगांत काढले आणि त्याची लाट उसळली. मूळ पानेराई पोलादी होते, हे येथे आठवावे. २०१६ मध्ये ट्यूडर आणि ओरिस यांनीही कांशाची घड्याळे आणली.

१९/२३
ओरिसचे घड्याळ कार्ल ब्रशिअर यांच्या नावे होते. अमेरिकी नौदलातील या कृष्णवर्णीय पाणबुड्याने १९६६ मध्ये कामावरच्या अपघातात एक पाय गमावला, कृत्रिम पाय लावून पुन्हा पात्रता मिळवली आणि १९७० मध्ये ‘मास्टर डायव्हर’ हा सर्वोच्च दर्जा मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. घड्याळाचा धातू त्यांच्या काळातील ‘मार्क ५’ शिरस्त्राणाची आठवण म्हणून निवडला गेला. आठवण म्हणून ते योग्यच आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की येथे धातू शिरस्त्राणातून आला आहे, घड्याळांच्या इतिहासातून नाही.

२०/२३
पितळी घड्याळे या लाटेची धाकटी पाती. कांसे महाग आणि कापायला कठीण. पितळ स्वस्त आणि यंत्रावर लोण्यासारखे कापले जाते, विशेषतः त्यात थोडे शिसे असेल तर. लहान उत्पादकाला थोड्या भांडवलात जाड, वजनदार कवच काढता येते. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने ‘रचलेली परंपरा’ ही संकल्पना इतिहासलेखनात रुजवली: प्राचीन भासणाऱ्या अनेक प्रथा प्रत्यक्षात अलीकडे घडवलेल्या असतात. पितळी डाइव्ह घड्याळ हे तिचे मनगटी उदाहरण आहे. ज्या शिरस्त्राणाला घड्याळ लागत नव्हते आणि ज्या घड्याळाला पितळ चालत नव्हते, त्या दोघांचे हे लग्न फार उशिरा लावलेले आहे.

२१/२३
याचा अर्थ अशी वस्तू टाकाऊ ठरत नाही. तिची पारख मात्र वेगळ्या प्रश्नांनी करावी लागते. पहिला प्रश्न मिश्रणाचा: जस्त किती, कथील आहे का? दुसरा पाणी अडवण्याचा: ‘आयएसओ ६४२५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान १०० मीटरची क्षमता, नमूद दाबाच्या १२५ टक्क्यांवर चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येणारी तबकडी आणि मिठाच्या पाण्यातील परीक्षा अपेक्षित असते. तिसरा आट्यांचा: चावी ज्या नळीवर आवळली जाते ती पोलादी आहे की मऊ पितळेतच आटे पाडले आहेत? चौथा झाकणाचा: त्वचेला टेकणारा भाग पोलादी असावा.

२२/२३
दोन धातू एकत्र आले की आणखी एक जुना धडा लागू होतो. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. काही काळाने पाहिले तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले. जिथे पत्र्याचे वेष्टनाचे कागद चुकून मध्ये राहिले होते, तिथले खिळे शाबूत. खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की त्यांतला दुबळा झिजतो. पितळ आणि पोलाद यांच्या जोडीत दुबळे पितळ. म्हणून रबरी कडे शाबूत ठेवणे आणि समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुणे हा सोपस्कार नसून देखभाल आहे. रंगही वाचता येतो: तपकिरी थर निरुपद्रवी, हिरवा थर स्वच्छतेची सूचना, आणि तांबूस-गुलाबी ठिपके दिसले तर जस्त निघून चालल्याचा इशारा.

२३/२३
१९८० च्या दशकापासून पाणबुड्याचा हिशेब मनगटी संगणकाकडे गेला. आज बहुतेक डाइव्ह घड्याळे जोडीला बाळगलेली किंवा केवळ हौसेची असतात, त्यामुळे पितळेचा दोष पूर्वीइतका जीवघेणा राहिलेला नाही. किंमत माफक असेल आणि दावे त्याहून मोठे नसतील, तर पितळी घड्याळ विकत घेण्यात फसवणूक नाही. उलट क्रोमच्या मुलाम्याखाली लपून राहिलेल्या जुन्या घड्याळापेक्षा ते आपला धातू उघडपणे सांगते. कसलेही पोलादी, महागडे यांत्रिक घड्याळ उघडले तरी ज्या पाट्यांवर त्याची चक्रे बसवलेली असतात, त्या बहुधा पितळेच्याच असतात. पितळाने घड्याळजगताची सेवा शतकानुशतके केली आहे, ती आत, कोरड्या जागी राहून. त्याला बाहेर आणणाऱ्याने समुद्राचा इतिहास त्याच्या नावावर चढवू नये, इतकीच अपेक्षा.
(समाप्त)